पाचवा फॉर्म

माझ्या नणंदेला आम्ही घरात ‘कात्री’ म्हणतो. नाव तिच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने ठेवलं. जिभेचा त्यात काही संबंध नाही. ती दिवसाला चाळीस शब्द बोलली तरी खूप. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या एका जहाज कंपनीत ती एकतीस वर्षं पाकिटं कापते आहे, म्हणून कात्री.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सफर संपायच्या दिवशी प्रत्येक प्रवाशाला एक फॉर्म आणि एक पाकीट मिळतं. खर्च कसा वाटला, सवलती कशा वाटल्या, जेवण, खोली, करमणूक, आणि शेवटी ‘कोणा कर्मचाऱ्याचा उल्लेख करावासा वाटतो का’. दर आठव्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं की या पाकिटांचं पोतं कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर येतं. तिथे मागच्या अंगाला एक खोली आहे. एक टेबल, मान मोडलेला पंखा आणि भिंतीला सहा खणांचं लाकडी कपाट. कात्री पाकीट कापते, वाचते, शिक्का मारते आणि फॉर्म ज्याच्या त्याच्या खणात टाकते. शिक्के दोन, ‘ग्राह्य’ आणि ‘अग्राह्य’. सगळं मोबाईलवर करायचं असं साहेब दरवर्षी म्हणतात. प्रवासी म्हातारे, त्यांना कागदच लागतो, म्हणून कात्रीची खोली टिकून आहे.

लोक काय काय लिहितात! ‘तिकीट स्वस्त आहे, पण जहाजावर श्वास सोडून सगळ्याला वेगळे पैसे.’ ‘खिडकीची खोली घेतली, सातही दिवस तेच पाणी दिसलं, फरक परत करावा.’ ‘आमचं सोनेरी कार्ड असल्यामुळे आम्हाला आधी चढू दिलं, पण बाकीचेही दहा मिनिटांत चढलेच, मग उपयोग काय?’ ‘खोलीतल्या मुलाने टॉवेलचा हत्ती करून ठेवला. मोडायला जीव होईना. ओल्या अंगाने झोपलो, सर्दी झाली.’ ‘माझं वजन तीन किलो वाढलं. जबाबदार कोण?’

हे सगळं ती संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगायची, रेल्वेच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दार उघडता उघडताच विचारायचा, “काय म्हणतात आज लोक?” आणि ती एकेक सांगत जाई तसा हसून लोळायचा. ती हसत नसे. त्यामुळे तो आणखीच हसायचा. असा तो संसार. मला तो माणूस आवडायचा. आमच्या घरातल्या पुरुषांत हसता येणारा तो एकटाच.

मागल्या वर्षी तो दुकानातच गेला. काच हातात होती म्हणे.

त्यांची एकुलती लेक ठकी त्याच कंपनीच्या जहाजावर जेवणाच्या हॉलमध्ये वाढपाचं काम करते. तिला चार दिवसांची रजा मिळाली, पाचव्या दिवशी ती परत बोटीवर. कात्रीही तेराव्या दिवशी कामावर गेली. रडली नाही. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून महिनाभर हिंडली; मी सांगितलं तेव्हा खाली बघून म्हणाली, “हो की.” आणि तशीच गेली. दुधाचं भांडं गॅसवर ठेवायची, गॅस लावायचाच राहायचा. मी तिला डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, वेळ द्या. मी विचारलं, किती? त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

एकदाच ती काही मागावं तसं बोलली. आम्ही दोघी चादरीच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, “वहिनी, हंगाम संपला की ठकीचं कंत्राट संपतं. ती आली की दुसरं टोक धरायला कोणी तरी होईल.”

“पण कंत्राट वाढवतातही ना?”

“पाच नावं आली तर.”

तो नियम असा. एका हंगामात पाच प्रवाशांनी नाव लिहून कौतुक केलं, तर त्या माणसाला बढती आणि दीड वर्षाचं नवं कंत्राट. चारच आली तर आभार, आणि बॅग घेऊन घरी. नातेवाइकांनी केलेलं कौतुक धरत नाहीत. नावं मोजायची कोणी? अर्थात कात्रीने.

“किती झालीत?” मी विचारलं.

“तीन.”

“तीनही शिक्के तूच मारलेस?”

“मग कोण मारणार?”

कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना एक सफर फुकट असते. पास दोघांच्या नावाचा होता. तिच्या नवऱ्याची जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही असं कळलं, तेव्हा मी पूर्ण पैसे भरून तिकीट काढलं आणि तिच्याबरोबर निघाले. ती एकटी गेली असती तर जहाजाच्या कठड्याजवळ उभी राहून काय केलं असतं, याचा विचार मला करायचा नव्हता. खोली एकच घेतली. हंगामातली ती शेवटची सफर होती.

जहाजाबद्दल माझं मत विचाराल तर मोठं हॉटेल, फक्त बाहेर पडता येत नाही. सकाळी आठपासून लाउडस्पीकरवर कोणी तरी आपण मजेत आहोत ना याची खात्री करून घेतं. चहा पाणचट. कॉफी हवी तर पैसे, बरी खुर्ची हवी तर पैसे. आपल्याला न विचारता काढलेला आपलाच फोटो भिंतीवर लावतात, तो हवा तर पैसे. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त इंजिनिअर होता, अकराव्यांदा आलेला. मला म्हणाला, “बाई, बाराव्या सफरीला निळं कार्ड मिळू दे, मग बघा. कपडे धुऊन मिळतात!”

मी म्हटलं, “घरी तुमचे कपडे कोण धुतं?”

“बायको.”

“तिला काय मिळतं?”

त्यानंतर तो टेबल बदलून बसला.

कात्री सात दिवस पलंगाच्या काठावर बसून होती. टॉवेलचा हंस आला की ती तो उलगडायची, सरळ घडी घालायची आणि ठेवून द्यायची. समुद्र दाखवला तर “मोठा आहे,” म्हणाली.

ठकी आमच्याच टेबलाला वाढायला होती. लोकांसमोर घरचं बोलायचं नाही असा हुकूम, म्हणून आईला “मॅडम, सूप आणू?” आणि आई तिला “आणा.” मला हसू आवरेना. ठकीनेही ओठ दाबले. कात्रीने रुमाल मांडीवर पसरला.

चौथ्या दुपारी जहाज एका बंदराला लागून हॉल रिकामा झाला असताना ठकी आम्हाला खांबाआड भेटली. पाय दुखत असावेत, एक पाय बुटातून काढून उभी होती.

“मामी, चार झाली,” ती मला म्हणाली. “मागच्या सफरीच्या पोत्यात चौथं निघालं, आईनेच कळवलं. या सफरीत एक आलं ना, की मी हॉलची प्रमुख.”

“आणि नाही आलं तर?”

“तर घरी. मग काय, त्याच दुकानात काउंटरवर उभी राहीन, बाबांच्या खुर्चीकडे बघत.” मग आईकडे वळून, “तुला काय वाटतं गं आई?”

“बूट घाल,” कात्री म्हणाली. “कोणी बघेल.”

ठकी बूट घालून गेली. मी कात्रीला म्हटलं, “अगं, पोरीने विचारलं काही तरी.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“पास दाखवून खाली किनाऱ्यावर जाता येतं का, विचारून या ना वहिनी.” म्हणजे विषय बंद.

शेवटच्या सकाळी फॉर्म आले. कात्रीचा मी पाहिला. खर्च: लागू नाही. सवलती: लागू नाही. जेवण: ठीक. खोली: ठीक. करमणूक: ठीक. कर्मचाऱ्याचे नाव: रेघ.

“ठकीचं लिही की!” मी म्हणाले.

“माझं धरत नाहीत. पासावर आई म्हणून नाव आहे.”

तेव्हा मी माझ्या फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं. चहाबद्दल चार ओळी, लाउडस्पीकरबद्दल सहा, आणि खाली ठकीचं पूर्ण नाव, ती किती हुशारीने आणि न थकता काम करते वगैरे. खरं तेच लिहिलं. नातेवाइकांचा नियम मामीला लागतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तिकिटाचे पैसे भरलेली बाई. आमची आडनावंसुद्धा वेगळी. कात्री बघत होती. मी पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

पुढचं तिने मला तीन आठवड्यांनी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, कप हातात धरून. मीच विचारलं होतं ठकी कधी येते म्हणून.

“ती येत नाही. पाच झाली.”

“अरे वा! कोणाचं आलं पाचवं?”

“तुमचं.”

“माझं धरलंस? चांगलं केलंस.”

“धरायचं नव्हतं. मामी नातेवाईक असते.”

मी खुर्ची ओढून बसले. ती इतकं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. पोतं आलं, दुपारपर्यंत तिने बाकीची सगळी पाकिटं कापली, कुठेही ठकीचं नाव नव्हतं. माझं तिने अक्षरावरून ओळखून बाजूला ठेवलं होतं. ते शेवटी कापलं.

“अग्राह्यचा शिक्का उचलला,” ती म्हणाली. “शाई लावली. नियमच आहे, दुसरं काही करायचं नव्हतंच. आणि वहिनी, मला बरं वाटलं.”

“कशाचं?”

“ठकी घरी येणार याचं. हे गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं. भूक नाही, काही नाही. तुम्ही सगळे रडायचात, मी बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा काही वाटलं, आणि ते हे. पोरीचं पाचवं नाव खोडायला घेताना.”

मी काही बोलले नाही. मला हे क्वचित जमतं.

“नियम पाळला असता तर तो नियमासाठी पाळला असं मला म्हणता आलं नसतं,” ती म्हणाली. “शिक्का पुसून ठेवला. दुसरा घेतला. एकतीस वर्षांत एवढा एकच खोटा मारला.”

“साहेबांना कळलं तर?”

“वाचतं कोण?”

“आणि आता?”

“आता काही नाही. पहिल्यासारखंच.” तिने कप खाली ठेवला. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि न विचारता चादरीचं एक टोक धरलं. तिने दुसरं धरलं. हे आता दर रविवारी चालतं. ती बोलत नाही, मी दोघींच्या वाटचं बोलते. ठकीचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही आवाज तुटत तुटत. तिची खरी खबर कळते ती पोत्यातूनच.

गेल्या रविवारी घड्या घालताना मीच विचारलं, “काय म्हणतात आज लोक?”

विचारलं आणि जीभ चावली. तो प्रश्न माझा नव्हता. कात्री थांबली, चादर तशीच ताणलेली. मग तिने कोपऱ्याला कोपरा लावला.

“एकाने लिहिलंय, हॉलची नवी प्रमुख कडक आहे. हसत नाही.”

“अगं बाई! मग?”

“मग काय. लिहिणारा नात्यातला नव्हता,” ती म्हणाली. “ग्राह्य.”