सासऱ्याच्या हातचं मीठ

शासिया कमी बोलते, असं तिच्या सासरच्या भावकीत सगळे म्हणायचे. हे अर्धंच खरं होतं. झऱ्यावर, तंबाखूच्या वाफ्यांत, पानं ओवायला बसलेल्या बायकांत ती इतकं बोलायची की शेजारणीच्या माळा अर्ध्या राहायच्या आणि मुकादम तिला वेगळं बसवायचा. पण घराचं फाटक ओलांडलं की तिचा आवाज बाहेरच थांबायचा. सासऱ्याच्या कानावर सुनेचा शब्द पडू द्यायचा नाही, ही ओचामचिराच्या वरच्या डोंगरांतल्या घरांची रीत. सामूहिक शेती आली, रेडिओ आला, रीत होती तिथेच राहिली.

सासू होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे-यायचे. ती वारल्यावर सासरा, झाफास अद्लेइबा, प्रश्नच असे विचारायला शिकला की मान हलवून उत्तर देता यावं. म्हशींना पाणी दाखवलं का, रुश्नी आला का, पाऊस येईलसं वाटतं का. शासिया मान हलवायची आणि संसार पुढे जायचा. गेल्या हिवाळ्यात मात्र तिच्या लक्षात आलं, की तिने नकाराची मान हलवली तरी म्हातारा समाधानाने ‘बरं झालं’ म्हणतो. म्हशी तहानलेल्या, पाऊस नाही, रुश्नी आलेला नाही. सगळं बरंच होत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. घरात हे शासियाला माहीत होतं. तिच्या नवऱ्याला, रुश्नीला, माहीत असावं. झाफास मात्र ही गोष्ट स्वतःच्याही कानावर पडू देत नव्हता.

त्याला कारण होतं. काही उन्हाळ्यांपूर्वी डोंगरावरच्या कुरणातून झाफासची म्हैस चोरीला गेली, आणि झाफासने लोहाराच्या ऐरणीवर हात ठेवून शपथ घेतली, की दरीपलीकडून म्हैस हाकत नेणारा गावातल्याच बातालचा धाकटा भाऊ आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ऐरणीवरची शपथ म्हणजे निकाल. तो भाऊ गाव सोडून कोळशाच्या खाणीत गेला. मागाहून दोन्ही घरच्या तरुणांत सुरे निघाले आणि झाफासचा पुतण्या कायमचा लंगडा झाला. म्हैस मिळाली नाही. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांच्या मयतालाही कुंपणाबाहेरूनच टोपी काढायची.

आता ताम्शुग नावाच्या एका जुन्या, मानाच्या आणि अतिशय लांबण लावणाऱ्या म्हाताऱ्याने मध्ये पडून तह जुळवला होता. बाताल आपले दोन पुतणे घेऊन झाफासच्या घरी जेवायला येणार होता. तहाच्या जेवणात पहिला घास दोन्ही घरच्या कर्त्यांनी एकाच वेळी, यजमानाच्या घरच्या अजिकात, म्हणजे मिरचीच्या तिखट वाटणात, बुडवून खायचा. तो घास पोटात गेला की भांडण मिटलं. म्हणून सगळं जेवण एका बाजूला आणि अजिका एका बाजूला.

शासियाच्या अजिकाबद्दल कुणाला शंका नव्हती. कुडाच्या स्वयंपाकघरात चुलीवर उन्हाळा सरल्यापासून मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. खाली अल्डरची लाकडं धुमसत ठेवायची, जाळ होऊ द्यायचा नाही. धूर खाऊन मिरची काळपट तांबडी होते, हलवली तर आत बिया वाजतात, पण वाकवली तर मोडत नाही, तेव्हा ती उतरवायची. शासियाने तळहातांना अक्रोडाचं तेल चोळलं, देठ आणि बिया काढल्या, मिरच्या कोमट पाण्यात भिजवल्या आणि पाट्यावर घेतल्या. सोबत लसूण, भाजलेले धणे, मेथी. वरवंट्याखाली एकदा, दोनदा, मग पुन्हा, गोळा लोण्यासारखा होईपर्यंत. ठसक्याने मांजर अंगणापलीकडे गेलं.

शेवटी मीठ. बायको गेल्यापासून अजिकातलं मीठ झाफास स्वतः घालायचा. का, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि विचारणाऱ्याला आवाज नव्हता. चवही घ्यायचा नाही. चव घेणं म्हणजे हातावर अविश्वास, असं त्याचं मत. त्या दिवशी शासिया पाणी आणायला झऱ्यावर गेली होती. परत आली तेव्हा म्हातारा पाट्याशी उकिडवा बसून बोटं पुसत होता. म्हणाला, झालं काम, आता कुणी हात लावू नका. तिने गोळा उचलला, थोडा घेवड्याच्या रश्शात कालवला, थोडा कोंबडीच्या अक्रोडवाटणात, आणि बाकीचा बशांमध्ये काढला.

पाहुणे आले. घोडे बांधले गेले. लांब मेजाच्या एका टोकाला झाफास, समोर बाताल, मध्ये ताम्शुग. बातालचे पुतणे कमरेचे सुरे न काढता बसले. ते सगळ्यांनी पाहिलं. रुश्नी वडिलांच्या पाठीमागे दारूची सुरई घेऊन उभा. मक्याच्या घट्ट शिजवलेल्या अबिस्ताचे वाफाळते तुकडे प्रत्येकापुढे, तुकड्यांत खुपसलेलं चीज, आणि शेजारी अजिकाची बशी.

उकडायला लावलेल्या बोकडाच्या मटणात मीठ टाकायचं राहिलं होतं. शासियाने खुंटीवरच्या मिठाच्या पिशवीत हात घालायला गाठ शोधली, तर गाठ तिनेच परवा मारलेली, तशीच्या तशी. शेजारच्या खुंटीवर दुसरी पिशवी. ती उघडी. तोंडाशी तांबड्या बोटांचे ठसे.

ती रुश्नीने सामूहिक शेतीच्या गोदामातून आणली होती. तंबाखूच्या रोपांना घालायचं खत. पांढरं, खडेदार, मिठासारखंच. गेल्या वर्षी खालच्या आळीतल्या एका गाईने असलंच खत चाटलं आणि अंधार पडायच्या आत ती आडवी झाली.

मेजावर ताम्शुग पेला घेऊन उभा राहिला होता.

शासियाने पहिला हिशोब केला तो माणसांचा. खाल्लं तर सासरा आणि बाताल दोघंही मरतील, किंवा नुसते तडफडतील. दोन्हींचा अर्थ एकच. तहाला बोलावून विष घातलं असं होईल, आणि मग रुश्नीला, त्याच्या भावांना, उद्या तिच्या मुलांनाही सुखाने रस्त्याने चालता येणार नाही. दुसरा हिशोब जास्त अवघड होता. ओरडून सांगावं, तर मीठ कुणी घातलं हे निघणार. ते निघालं की म्हाताऱ्याला हातभरावरची पिशवी दिसत नाही हे निघणार. मग दरीपलीकडचा माणूस कसा दिसला? ऐरणीवरची शपथ खोटी पडली तर तहाला उरलं काय?

ताम्शुग पूर्वजांपासून सुरुवात करत होता. शासियाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लांबणीला मनापासून आशीर्वाद दिला.

ती दाराशी येऊन रुश्नीच्या डोळ्यांत पाहू लागली. पण वडिलांसमोर बायकोकडे बघणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि रुश्नी चांगल्या वळणाचा होता. त्याने नजर छपराकडे नेली. तिने भुवया उंचावल्या, मान हलवली, पिशवीकडे बोट दाखवलं. तो लाजून कानापर्यंत लाल झाला आणि भिंतीकडे वळला. एवढ्या संस्कारी माणसाशी आपलं लग्न लावल्याबद्दल तिने त्या क्षणी आई-वडिलांना मनात बरंच सुनावलं.

ताम्शुग पूर्वजांवरून घोड्यांवर आला. शासिया खाली मान घालून मेजाजवळ गेली आणि बातालपुढची बशी बदलायच्या निमित्ताने उचलू लागली. बातालने बशीवर पंजा ठेवला.

“राहू दे सूनबाई,” तो हळूच म्हणाला. “दुसरी बशी आली की माझ्या पुतण्यांना वाटेल, आधीची चांगली होती.”

पुतणे हसले नाहीत. शासियाने हात मागे घेतला. बशी मुद्दाम सांडावी, तर तहाचं अन्न शत्रूच्या मांडीवर उलटलं म्हणून तिथेच सुरे निघतील. ती खोकली. झाफासने अभिमानाने मान डोलावली. मिरची जहाल झाली आहे.

मग ताम्शुगने जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने आवरतं घेतलं. अन्न निवतंय, म्हणाला, आणि पेला रिकामा करून बसला. झाफासने अबिस्ताचा तुकडा मोडला. बातालने मोडला. दोघांचे हात बशीकडे गेले. बातालचा तुकडा तांबडा होऊन वर आला.

“बाबा, खाऊ नका. कुणीच खाऊ नका.”

आवाज कुणाचा हे समजायला मेजावरच्या माणसांना वेळ लागला. झाफासने तर दाराकडे तोंड केलं, कुणी परकी बाई आली की काय म्हणून. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तो आपल्या सुनेचा आवाज ऐकत होता. तो जरा घोगरा होता.

“मिठाऐवजी त्यात खत पडलंय,” शासिया म्हणाली. “तंबाखूचं. माझी चूक. मी घातलं.”

बातालने तुकडा बशीत ठेवला. बोटं रुमालाला पुसली, एकेक करून. त्याच्या एका पुतण्याचा हात कमरेला गेला होता.

“गाई मरतात तेच ना?” बातालने विचारलं.

“तेच.”

“मिरची तू वाटलीस.”

“मीच.”

“खत घालताना तुला कळलं नाही. बशीत काढताना कळलं नाही. आम्ही घोडे बांधले, बसलो, या म्हाताऱ्याने आमचे पणजोबा उकरून काढले, तेव्हाही नाही. मी घास उचलला आणि तुला कळलं?”

शासियाकडे जे उत्तर होतं ते देता येत नव्हतं. तिने बोटांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलं. पुतण्या उठून उभा राहिला. रुश्नीने सुरई खाली ठेवली, म्हणजे त्याचेही हात मोकळे झाले.

“तिला विचारू नका,” झाफास म्हणाला.

तो कुणाकडेच बघत नव्हता. आता बघण्याचा आव आणायचंही त्याने सोडलं होतं.

“अजिकात मीठ मी घालतो या घरात. आजही मीच घातलं. पिशवी दिसली नाही मला.”

“हाताच्या अंतरावरची?” बाताल म्हणाला.

“हो.”

“म्हैस तर दरीपलीकडे होती.”

आतापर्यंत तो झाफासशी पाहुण्याच्या अदबीने वागत होता. आता त्या आवाजात अदब नव्हती. ताम्शुगने तोंड उघडलं आणि मिटलं. तह जुळवायच्या कामात त्याला असं प्रथमच करावं लागत असावं.

“टोपी दिसली,” झाफास म्हणाला. “टोपीखालचा चेहरा नाही. तुमच्या घरचा असेल असं वाटलं. खरं सांगायचं, तर तो तुमच्याच घरचा निघावा, अशी माझी इच्छा होती.”

“आणि ऐरणीवर हात ठेवलास.”

“ठेवला.”

“माझा भाऊ जमिनीखाली कोळसा खातोय. एका टोपीपायी.”

शासियाला वाटलं, आता सुरे निघणार. ती रुश्नी आणि त्या उभ्या पुतण्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पाहुण्यांसमोर असं नवऱ्याला खेटून उभं राहणं हाही एक निर्लज्जपणाच होता, पण आज त्यांची मोजदाद थांबली होती.

बातालने तांबडा तुकडा ठेवलेली बशी हाताने दूर सारली.

“बस रे,” तो पुतण्याला म्हणाला.

“काका, यांनी आपल्याला विष वाढलं.”

“वाढलं. आणि यांच्याच सुनेने ते खाऊ दिलं नाही. मारायचं असतं तर तिला नुसतं गप्प राहायचं होतं. त्याची तर तिला सवय आहे.” मग तो झाफासकडे वळला. “मी इथे चोराच्या घरचा म्हणून जेवायला आलो होतो, माफी घ्यायला. ती मला नको. ऐरणीपाशी चल आणि शब्द मागे घे. सगळ्या गावासमोर. आत्ता, उजेड आहे तोवर.”

झाफास मेजाला धरून उठला.

“उजेडाने मला फारसा फरक पडत नाही,” तो म्हणाला. “पण चल.”

बातालला हसू आलं असावं, कारण त्याने मिशीवरून हात फिरवला. ऐरणीवरची शपथ मागे घेणाऱ्या माणसाला या डोंगरांत पुढे कुणी साक्षीला बोलावत नाही, तंट्यात त्याचा शब्द विचारत नाही. झाफासच्या वयाच्या माणसाकडे याहून दुसरी मालमत्ता नसते. हे मेजावर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी घाई केली नाही. रुश्नी हात द्यायला पुढे झाला, तर म्हाताऱ्याने त्याला कोपराने दूर सारलं. दाराच्या उंबऱ्याशी तो अडखळला. बाताल शेजारीच होता. त्याने दंड धरला आणि मग सोडला नाही. आधार म्हणून की आरोपीला न्यायचं म्हणून, हे बघणाऱ्याने आपापल्या मताप्रमाणे ठरवावं.

“खाली दगड आहे,” फाटकापाशी त्याचा आवाज आला. “तिथे नाही. डावीकडे.”

ताम्शुग काठी टेकत मागे निघाला, वाटेत बोलायला नव्याने सुरुवात करत.

शासियाने बशा गोळा केल्या. घेवडा, कोंबडी, पाट्यावर उरलेला गोळा, सगळं परसातल्या खड्ड्यात टाकलं, वर राख, वर माती, वर दगड, कुत्रं उकरू नये म्हणून. पाटा उकळत्या पाण्याने धुतला, दोनदा. बोकड तेवढा बचावला होता. लोहाराच्या भट्टीपर्यंत जाऊन यायला वेळ लागणार होता. परतताना ती माणसं जेवायला येतील की फाटकावरून सरळ पुढे जातील, याचा तिला अंदाज नव्हता. तिने चुलीवरून मिरच्यांची एक माळ उतरवली आणि पाणी कोमट करायला ठेवलं.