छातीच्या ऑपरेशनला आलेली पोरं

उल्हासनगरच्या एका छोट्या सर्जिकल क्लिनिकमध्ये मी बारा वर्षं सिस्टर आहे. पेशंट बरा झाला की त्याची फाईल कपाटात जाते. पण जाता जाता तो जे बोलून गेलेला असतो, ते ठेवायला आमच्याकडे कपाट नाही. ते माझ्याबरोबर बदलापूरला घरी येतं, आणि मग जेवताना मी एकटीच हसते. माझा मुलगा म्हणतो, "आई, आज कोण आलं होतं?"

सगळ्यात जास्त किस्से जमलेत ते छातीच्या ऑपरेशनचे. काही मुलांची छाती बायकांसारखी वाढते, त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पोरांना तो शब्द उच्चारता येत नाही, म्हणून ती 'तो प्रॉब्लेम' म्हणतात. समोर बाई बघून तर तेवढंही म्हणत नाहीत. नावं बदलून सांगते, कारण पोरांनी विश्वासाने दाखवलेलं आहे.

*

ऐन मे महिन्यात एक पोरगा जॅकेट घालून आला. विकी म्हणू त्याला. इथल्याच कॅम्प वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, वय बावीस. घामाने निथळत होता.

"सर, माझ्या मित्राला तो प्रॉब्लेम आहे," तो डॉक्टरांना म्हणाला.

आमचे सर शांत माणूस. त्यांनी मित्राबद्दल सगळं नीट विचारलं. कधीपासून आहे, दुखतं का, कुठली औषधं चालू आहेत का. मग समजावलं, "आधी रक्त तपासू, हार्मोन बघू, सोनोग्राफी करू. ऑपरेशन लागलंच तर पूर्ण भूल देतो. चरबी नळीने ओढून काढायची आणि निप्पलच्या कडेला बारीक छेद घेऊन आतली गाठ काढायची. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात."

विकीने सगळं मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं.

"पण तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही," सर म्हणाले. "मित्राला घेऊन या."

विकीने जॅकेटची चेन खाली ओढली. "आणलाय सर."

*

ह्याच विकीचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी तो ड्रेसिंगला आला तो खिशात कापडाची मेजर टेप घेऊन.

"सर, काल संध्याकाळपेक्षा पाव इंच वाढलंय."

"ती सूज आहे बाळा. आठवड्या-आठवड्याने उतरत जाईल. खरं माप तीन-चार महिन्यांनी, कधी सहा."

"सकाळी कमी असतं सर, संध्याकाळी वाढतं. मी लिहून ठेवलंय."

सरांनी हात पुढे केला, टेप घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "कारखान्यात दुसरी घे. ही माझ्याकडे राहू दे."

चार महिन्यांनी तो शेवटचं दाखवायला आला. अंगात साधा टी-शर्ट. सरांनी आठवणीने ड्रॉवर उघडून टेप त्याच्यापुढे धरली.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "हल्ली लक्षातच येत नाही माझ्या."

*

सगळ्यांचं ऑपरेशन करायचं नसतं, हे लोकांना पटत नाही. पालेगावच्या एका नव्या सोसायटीतून वडील चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. पोराने महिनाभर पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणून सांगितलं होतं. वर्गातली मुलं चिडवत होती.

सरांनी तपासलं. "ह्या वयात बऱ्याच मुलांना होतं, आणि बहुतेकांचं आपोआप जातं. वर्ष-दोन वर्षं थांबू. दर सहा महिन्यांनी दाखवा."

वडील तयारच होईनात. "पण डॉक्टर, नाही गेलं तर? तुम्ही खात्रीने कसं सांगता?"

"खात्री नाही देत. पण बहुतेक वेळा जातं, म्हणून घाई करत नाही."

वडिलांनी मान खाली घातली. बोटातली अंगठी फिरवली. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. माझं गेलं होतं."

पोरगा बापाकडे बघतच राहिला. "पप्पा, हे तुम्ही मला घरी नाही का सांगायचं? मी इकडे येईपर्यंत रडत होतो."

बाहेर पडताना बापाचा हात पोराच्या खांद्यावर होता. दीड वर्षाने सरांनी त्याची फाईल बंद केली. टाका एकही लागला नाही.

*

जिमवाल्या पोरांना सर एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो विचारताना घरच्यांना बाहेर बसवतात. अंबरनाथचा अक्षय, दंड एवढाले. आईला बाहेर पाठवल्यावर त्याने कबूल केलं की ट्रेनरच्या सांगण्यावरून सहा महिने बॉडी फुगवायची स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली.

"आधी ती बंद. नाहीतर मी काढीन आणि तुला परत होईल," सर म्हणाले. "आणि आईला तू सांगणार की मी?"

"सर, आईला नको. तिला धक्का बसेल."

शेवटी सांगायचं ठरलं. मी आईंना आत बोलावलं. अक्षय खाली बघून अडखळत सगळं बोलला.

आई शांतपणे म्हणाली, "फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवायचा ना? घरात कोथिंबीर कोण निवडतं, डॉक्टर? त्याला वाटलं मला दिसत नाही. मी वाट बघत होते, कधी स्वतःहून सांगतोय."

त्याने इंजेक्शनं सोडली. ऑपरेशननंतर सहा आठवडे जिमचं दार बघायचं नाही असं ठरलं होतं, तेही पाळलं. आई रोज संध्याकाळी त्याला स्वतःबरोबर चालायला न्यायची.

*

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस हात खांद्याच्या वर न्यायचे नसतात. केस विंचरायचे नाहीत, डोक्यातून टी-शर्ट काढायचा नाही, बाईक तर नाहीच. शिवाय छातीला घट्ट आवळणारं प्रेशर जॅकेट, आंघोळ सोडून दिवसरात्र. म्हणून आम्ही सांगतो, पुढून बटणाचा शर्ट आणा आणि घरात एक माणूस मदतीला ठेवा.

ऑपरेशनची तारीख घ्यायला आलेल्या नितेशने विचारलं, "ताई, माणूस नसेल तर?"

आईवडील नव्हते. मोठा भाऊ होता, अंबरनाथच्या एका फॅक्टरीत. एकाच घरात राहायचे, पण काही भांडण होऊन दोन वर्षं बोलणं बंद. ऑपरेशनच्या दिवशी भाऊ आला, मला "जय भीम ताई" म्हणाला, फॉर्मवर सही केली आणि कोपऱ्यात बसून राहिला.

पहिल्या ड्रेसिंगला मी विचारलं, "शर्ट कोण घालतं रे?"

"भाऊ घालतो. बटणं लावतो. बोलत नाही."

दुसऱ्या ड्रेसिंगला तेच. "डोकंपण धुतो. बोलत नाही."

तिसऱ्या वेळी पोराचा चेहरा वेगळाच होता.

"ताई, आज बोलला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वरचं बटण उघडं ठेवतो, तुला गरम होतं."

त्या दिवशी मी ड्रेसिंगला जरा जास्तच वेळ लावला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

*

वांगणीच्या पुढे डोंगराकडे एक पाडा आहे. तिथला सोमा, वय चोवीस, भातशेती करणारा. एका बाजूची गाठ दुखायची, म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवला. आई बरोबर होती. पाड्यावर सगळे पुरुष उघड्या अंगाने राबतात, हा तेवढा शर्ट घालून. नदीवर आंघोळसुद्धा शर्टातच. आईला वाटायचं, पोराला थंडी बाधते.

आत शर्ट काढला तेव्हा तिने पहिल्यांदा बघितलं. तिला एकच भीती. "कॅन्सर तं नाय ना?"

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. काढलेली गाठ तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत ती माउली रोज शेजारणीच्या फोनवरून मला विचारायची. रिपोर्ट चांगला आला. मी लगेच फोन करून सांगितलं, कॅन्सर नाही. टाके सुकले, सूज उतरली, छातीवर थोडी बधिरता राहिली होती तीही जात आली. मग सोमा दिसला नाही.

ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या दिवसांत, एका दुपारी आई एकटीच आली. हातात पिशवी, चालून चालून चेहरा लाल. मी सरांना हाक मारली. सर पेशंट सोडून बाहेर आले.

"काय झालं? सोमा कुठे आहे?"

"शेतावर हाय," ती म्हणाली. "काय नाय झाला त्याला. पाठ सोललीय उन्हान. मलम द्या."