हिरव्या लुगड्याआडचा कॅमेरा

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाला काही ना काही काम मिळालं. मला मिळाली माजघरातली जागा. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि मी जुन्नरला माहेरी परत आले होते, तेव्हापासून शुभकार्यात माझं स्थान आतलं. आत्यानं स्वच्छ सांगितलं, "मुहूर्ताला तू भाईर येऊ नको. नवरीवर तुजी सावली नको पडाया."

जिला मी कडेवर वागवली, जिच्या डोक्यातल्या उवा काढता काढता माझी बोटं दुखली, तिच्यावर माझी सावली नको! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्यापुढे आमचे वडीलसुद्धा तोंड उघडत नसत. मी "बरं" म्हटलं आणि मनात पक्कं केलं, काही झालं तरी हे लग्न मी बघणार.

वाट दाखवली ती दादानं, त्याला न कळताच. माझा थोरला भाऊ पुण्याला एका फोटोवाल्याच्या हाताखाली होता. बहिणीच्या लग्नाचा फोटो आपण काढायचा ही त्याची फार दिवसांची हौस. मालकाला विचारून तो दोन कॅमेरे टांग्यात घालून घेऊन आला. एक काळा डबा, हातात मावेल एवढा, आत फिल्मची गुंडाळी. खटका दाबला की काम झालं. दुसरा लाकडाचा, कातडी भात्याचा, तिकाटण्यावर उभा करायचा आणि काचेच्या प्लेटा घालायचा. दादाचा जीव डब्यावर.

"हा घिऊन मी मांडवात कुठंबी फिरीन," तो म्हणाला. "ते धूड कोण वागवतंय?"

"मी वागवते," मी म्हणाले.

तो हसला, पण मी उगाच बोलत नव्हते. याआधीही तो असला मोठा कॅमेरा घरी आणायचा, तेव्हा धान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत प्लेटा धुवायला त्याच्या जोडीला मीच असे. मला त्या कामाची गोडी लागली होती.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. त्या धुडाच्या पाठीला एक घासलेली काच होती. डोक्यावरून कापड घेतलं की समोरचं सगळं त्या काचेवर उमटायचं. डोकं खाली, पाय वर, पण रंगासकट. शिवाय त्याचं भिंग लांबचं जवळ आणणारं होतं. माजघराच्या खिडकीत तो उभा केला तर अंगणातलं बोहलं मला हाताशी आल्यासारखं दिसलं असतं. डबा घेतला असता तर दादा मांडवात हिंडला असता, आणि बंद खिडकीआड मी भिंतीकडे तोंड करून मंगलाष्टका ऐकल्या असत्या.

सांगायला दुसरं कारण हवं होतं, ते हळदीत सापडलं. मागे आमच्याच आळीत एका लग्नाचा फोटो निघाला होता. गोरीपान नवरी त्यात कोळशासारखी काळी आली, आणि सासरच्यांनी तो फोटो अपशकुन म्हणून चुलीत घातला. बिचाऱ्या फोटोवाल्याच्या लक्षातच आलं नव्हतं की हळद लावलेलं तोंड साध्या प्लेटेवर काळं उमटतं. आमची धाकटी तर हळदीच्या अंगानं, वर पिवळं लुगडं नेसून उभी राहणार होती.

"दादा, तुझ्या डब्यात पिवळं कसं येतं रे?"

त्यानं डबा उलटसुलट करून बघितला. मग दोन्ही कॅमेऱ्यांनी काढून बघायचं ठरलं. पण हळद लावून उभं कोण राहणार? मला तर हळदीचं बोट लावायचीही बंदी. शेजारच्या कागदी आळीतली, कागद करणाऱ्यांच्या घरची चाची आमच्या आईच्या वयाची. तिनं हौसेनं दोन्ही गालांना हळद फासली आणि बोहल्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

"ह्या वयात पुन्यांदा नवरी करती व्हय गं मला?" ती ओरडली. "घरी चाचा हाय तेवढा पुरं मला! बिगी बिगी काढ, पाय भरलं माजं."

खिडकीतून काढलेल्या डब्याच्या फोटोत चाची बाजरीच्या दाण्याएवढी आली, आणि तोंड ठार काळं. मोठ्या कॅमेऱ्यात दादानं पिवळा रंग धरणारी खास प्लेट घातली होती. तिच्यात चाचीच्या गालाची खळीसुद्धा उमटली. एकच होतं, ती प्लेट सावकाश काम करायची. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. दादानं डबा पेटीत ठेवला. खिडकीतून कॅमेरा मी चालवायचा आणि मांडवातल्या माणसांना त्यानं सांभाळायचं, असं ठरलं.

मी आतच राहणार होते, म्हणून आत्यानं खिडकीला नाही म्हटलं नाही. ती अडली कापडावर. "मुहूर्ताला समूर काळं फडकं? मी जित्ती हाय तवर न्हाई."

आमचं घर शिंप्याचं. काळं कापड आतून ठेवून वर दुसरं शिवायला मला कितीसा वेळ? पण वर लावायला मी पेटीतून माझंच लुगडं काढलं, माझ्या लग्नातलं, हिरवंगार. ते पुन्हा कधी अंगाला लागणार नव्हतं. कात्री घालताना मला रडू आलं, आणि रडत रडतच मी ते सरळ कापलं. आत्यानं हिरवं बघितलं आणि मान हलवली. लुगडं कुणाचं ते तिनं ओळखलं नाही. धाकटीनं ओळखलं. ती माझ्या कडेला बसून सुईत दोरा ओवून देत राहिली.

"हार घातला की हलू नको," मी तिला बजावलं. "कुणी काही म्हणूदे."

"न्हाई हलायची, आक्का."

आंबेगावचं वऱ्हाड बैलगाड्यांतून आलं. मुहूर्त उन्हं वर आल्यावरचा होता. मी हिरव्या लुगड्याखाली शिरले आणि काचेवर माझ्या बहिणीचं लग्न बघितलं, उलटं का होईना, सगळं. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता. मला इतका आनंद झाला की प्लेट घालायला हात उचलवेना, कारण प्लेट घातली की काच झाकली जाते. हार पडले. मी प्लेट सरकवली, अंधारातच खटक्याचा रबरी फुगा दाबून धरला, आणि दोन सावकाश श्वास मोजून फुगा सोडला.

वऱ्हाड जेवायला बसलं तेव्हा मी धान्याच्या खोलीत लाल दिव्याखाली प्लेट धुतली. माणसं काही हलायची थांबली नव्हती. नवरा पुसट, भटजी पुसट, हात नाचवून पोरांना दटावणाऱ्या आत्याचं तर डोकंच धूर होऊन गेलं होतं. एकटी धाकटी रेघ न रेघ स्पष्ट. नवरीनं मान खाली घालायची असते. तिनं मान वर केली होती आणि ती सरळ खिडकीकडे बघत होती.

तो फोटो आंबेगावला तिच्या घरी लागला. येणारीजाणारी माणसं विचारायची, नवरी नवऱ्याकडं सोडून कुणाकडं बघतीय? धाकटी सांगायची, "आक्काकडं. ती बी व्हती माज्या लग्नाला."