वडाच्या पलीकडची गाडी

वडाचं झाड लावताना आपण आणि आपली गाडी एकाच बाजूला आहोत ना, हे खड्डा बुजवण्याआधी पाहून घ्यावं. मी पाहिलं नाही.

आमच्या सोनागिरीच्या कॉलनीत एक बाग होती. म्हणजे कागदावर बाग. प्रत्यक्षात शेजारच्या गुप्ताजींचं गॅरेज. करोंदच्या मंडीत धान्याचा व्यापार करणारा हा सज्जन गृहस्थ रोज संध्याकाळी बागेच्या पडक्या भिंतीतून मालवाहू लोडर आत घालायचा, मागोमाग कार, तिच्या मागोमाग मेव्हण्याची कार. गवताची अशी दशा, की गाईसुद्धा डोकावून परत जायच्या. (एकदा एक म्हैस चुकून आत शिरली, तिला पार्किंगला जागा मिळाली नाही.)

शेवटी आमच्या सौभाग्यवतीनं, सुनंदानं, पदर खोचला. यंदा वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणून कुंडीत खोचायची नाही. बागेतच झाडं लावायची, आणि वड थेट भिंतीच्या भगदाडात! एकदा पुजलेल्या वडाला हात लावायची कुणाची छाती होते ते बघतेच, म्हणाली. मी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. माझ्याकडे ओझी वाहायचं खातं आलं.

पौर्णिमेच्या सकाळी गुप्ताजींचा ताफा बाहेर पडला आणि आम्ही चढाई केली. रोपं, कुदळी आणि शेणखतानं भरलेली माझी गाडी मी भगदाडातून थेट आत नेली. अख्खी कॉलनी लोटली. कडुनिंब, जांभूळ, करंज लागले. राहिला भगदाडातला मानाचा खड्डा. तो मी स्वतः खणला. असा खणला, की आणखी दोन घाव घातले असते तर इंदूर लागलं असतं. वड लावला, भोवती लोखंडी जाळी सिमेंटात पक्की केली, आणि फोटोसाठी मिशांवरची माती पुसली.

मग पूजा. इकडच्या हिंदी मुलखातल्या बायकांचं हे व्रत पंधरा दिवस आधी, अमावस्येलाच होऊन जातं. पण खरंखुरं झाड बघून त्यांनाही राहवेना. पूनम का भी कर लेते हैं, कुछ घट थोड़े ही जाएगा, असं म्हणत गुप्ताभाभी सूत घेऊन सगळ्यांच्या पुढे. माझ्या गुडघ्याएवढा वड जाळीसकट बघता बघता सुताचं रीळ झाला.

पोहे-जिलबी झाली, लोक पांगले, आणि मी खिशातून किल्ली काढली.

गाडी आत. मी बाहेर. मध्ये वड.

संध्याकाळी गुप्ताजी परतले. अडकलेली गाडी बघून त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. शेजारधर्म म्हणून ते लगेच एक कुदळवाला घेऊन आले.

"भाईसाब, एक बरगद ही तो है. हटा देते हैं, आपकी गाड़ी निकल जाएगी."

निकल जाएगी, आणि त्याच वाटेनं लोडर आत येईल, एवढंच ते बोलले नाहीत. मी सुनंदाकडे पाहिलं. खरं सांगतो, 'हो' अगदी जिभेवर आला होता. (नवे टायर टाकून आठवडा झाला नव्हता.)

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला सात जन्मांसाठी मागितलंय. गाडी कुणी मागितलेली नाही."

मी जाळीला पाठ लावून उभा राहिलो आणि जाहीर केलं, की गाडी आत गंजली तरी चालेल, झाड हलणार नाही. कुदळवाला दोन पावलं पुढे आला. मी डोळे मिटले. (शौर्यानं.)

तेवढ्यात गुप्ताभाभी घरातून आल्या.

"सुनो जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उखाड़ दो. बस इतना देख लेना, ऊपर वाला पीला धागा तुम्हारे नाम का है."

गुप्ताजींनी वाकून तो पिवळा धागा नीट पाहिला. मग त्यांनी कुदळवाल्याला चहा पाजून परत पाठवला. त्यांचा लोडर आता मंडीतच झोपतो.

वडाला नवी पानं फुटलीत. गाडी आतच आहे, आणि त्यावरून डिवचणाऱ्यांना मी भीक घालत नाही. रोज संध्याकाळी माणसांच्या छोट्या फाटकातून आत जातो, दार उघडून सीटवर ताठ बसतो, काचा खाली करतो.

"कहाँ तक पहुँचे, भाईसाब?" गुप्ताजी भिंतीवरून विचारतात.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सांगतो, "बरगद तक."