रूळ जुळेपर्यंत

"कुठल्याही कंपनीचे रूळ कुठल्याही कंपनीच्या रुळांना बसतात, साहेब, बिनधास्त घ्या," असं मालाडच्या दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या माणसाचं भलं होवो. तो खोटं बोलला नसता तर आमच्या घरात पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्याकडे खेळण्यातल्या आगगाडीचे दोन प्रकारचे रूळ. एक बाबांचे. माझा मामा बोटीवर होता; त्याने परदेशातून विजेवर चालणारी छोटी गाडी आणली, माझ्यासाठी. बाबांनी मला तिला कधी हात लावू दिला नाही. रविवारी त्यांनी गाडी चालवायची आणि मी लांबून टाळ्या वाजवायच्या, अशी कामाची वाटणी होती. दुसरे रूळ माझे. नोकरी लागल्यावर निव्वळ त्या रागापोटी मी दुसऱ्या कंपनीचे घेतले.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा दिंडोशीच्या घरात एकटे राहिले, आणि एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी आवाज ऐकला म्हणून निभावलं. पुढच्या वेळी कोणी ऐकलं नाही तर, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. मी मुलुंडहून रोज फोन करायचो, "बाबा, इकडे या ना." बाबा मालवणीतच झिडकारायचे, "थंय येवन काय करू? सोफ्यार शोभेक बसू?"

शेवटी बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाबा, ह्याला त्याचे रूळ तुमच्या रुळांना जोडायचेत. स्वतःला फार शहाणा समजतो. वाट लावेल सगळ्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारात उभे. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात रुळांचा खोका. आत यायच्या आधीच बजावलं, "जोडून झाला की मी जातलंय."

दिवाणावर प्लायवूड टाकलं आणि तमाशा सुरू झाला. दोन रुळांमधलं अंतर दोन्ही कंपन्यांचं अगदी सारखं. पण बाबांचे रूळ उंच, माझे बुटके. रूळ जोडायच्या पत्र्याच्या पट्ट्याही वेगळ्या. त्यांच्या पट्टीत माझा रूळ लुळा पडायचा, माझ्या पट्टीत त्यांचा शिरायचा नाही. इंजिन त्या जोडापाशी आलं की अडखळायचं आणि डब्यांसकट आडवं व्हायचं.

"मेल्या, तुझे रूळच हलके."

"तुमचे जुनाट आहेत त्याचं काय?"

रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की हेच. भांडता भांडता बाबा वेळेवर जेवायला लागले. खाली सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर त्यांची जागा ठरली. पिशवी मात्र त्यांनी रिकामी केली नाही. कपडे तिच्यातून काढायचे, धुवून वाळले की घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. कपाटाचा एक कप्पा बायकोने त्यांच्यासाठी मोकळा केला होता, तो तसाच मोकळा.

आणि मग मला अक्कल सुचली. कामानिमित्त मरोळला गेलो होतो, तिथून एक बारीक कानस घेऊन आलो. बाबा बाकावर होते तेवढ्यात जोडपट्टी घासून माझ्या रुळाच्या बाजूने चपटी केली. एका जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापला, सोनेरी गणपतीसकट, आणि माझ्या बुटक्या रुळाखाली सरकवला. बटण दाबलं. गाडी झकास गेली! उलटी चालवली, तशीही गेली.

बाबा वर आले तेव्हा मी अक्षरशः नाचत होतो. त्यांनी वाकून गाडीचे सगळे फेरे पाहिले. "बरा केलंस," म्हणाले, आणि आत जाऊन पिशवीची चेन लावली.

"झालं समाधान?" बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, तुला कोणी सांगितलं होतं जमवायला?"

मी बाबांना म्हटलं, राहा की. ते म्हणाले, "आता माझा काय काम हंय?" मला तुम्ही हवे आहात, एवढं बोलायला काय जात होतं? पण आमच्या घराण्यात असलं कोणी बोललेलं नाही. मी म्हटलं, "बघा बुवा, तुमची मर्जी." स्वतःचाच संताप आला.

सकाळी बाबा दूध आणायला खाली उतरले, तसा मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दिवाणापाशी धावलो. पत्रिकेचा तुकडा ओढून काढायचा, बस. पाहतो तर तुकडा जागेवर नाही. पट्टीही सैल.

"तू काढलंस?" मी बायकोला विचारलं.

"मी कशाला हात लावू तुमच्या पसाऱ्याला?"

तेवढ्यात बाबा आले. मी बटण दाबलं. इंजिन जोडापाशी आलं आणि आडवं झालं.

"बाबा, पडली."

"बघूया." त्यांनी दुधाची पिशवी बायकोकडे दिली आणि खिशातून चष्म्याची डबी काढून उघडली. चष्म्याबरोबर एक लाल तुकडा प्लायवूडवर पडला, गणपतीची बाजू वर.

तिघांनीही पाहिला. बाबांनी तो उचलला, सवयीने कपाळाला लावला आणि परत डबीत ठेवला.

"पडतलीच," ते चष्मा लावत म्हणाले. "तुझा काम कच्चा. आता माका रवाक व्हया."

"हो, कच्चंच आहे," मी म्हणालो. "राहावंच लागेल तुम्हाला."

बायको कधीच आत गेली होती. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार. बाबांनी रुळावरची मान वर केली नाही.

"निळो शर्ट वर ठेव गो," ते तिथूनच म्हणाले. "तो माका रोज लागता."