‘मस्त भरलाय’ असं मी म्हणालो

हिराबाई वॉकरशिवाय माझ्या ओपीडीत चालत आल्या. अडीच महिन्यांपूर्वी शहापुरात मीच त्यांच्या नडगीचं ऑपरेशन केलं होतं. आता पाय सुजलेला, नखांत चिखल.

“वॉकर कुठंय?”

“घरी हाय. भाताची लावणी चाललीय ना,” त्यांचे मालक काशिनाथ म्हणाले. “दोन दिस झाले, दुखतोय बोलते.”

एक्स-रे काढला. खालचा एक स्क्रू तुटला होता. माझं डोकं सणकलं. ‘पेशंटने सूचना पाळल्या नाहीत’ असं केसपेपरवर खरडलं आणि झापायला सुरुवात केली.

रागाचं कारण सांगतो. आटगावजवळ बाईकच्या अपघातात हिराबाईंच्या हाडाचा तुकडाच गेला होता. तीन बोटांचा गॅप. कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरतात, पण एवढ्या गॅपला ते पुरत नाही. म्हणून त्यात बोन ग्राफ्ट सबस्टिट्यूट मिसळलं, म्हणजे कॅल्शियमचे साबुदाण्याएवढे कृत्रिम दाणे. हे दाणे म्हणजे नुसता मांडव. वेल पेशंटच्या स्वतःच्या हाडाचा, आणि तो चढायला महिनोन्महिने लागतात. तोवर सगळा भार हाडाला स्क्रूने जोडलेल्या धातूच्या प्लेटवर असतो. प्लेट तुटली तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेही फसलं तर पाय राहील की नाही, इथपर्यंत प्रश्न जातो.

“तुम्हाला चालायला सांगितलं कोणी?”

“तुमीच,” हिराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मागल्या टायमाला फोटो दाखवलात. बोल्लात, बघा, गॅप मस्त भरलाय.”

खरं होतं. बोललो होतो. चांगलं बोट ठेवून दाखवलंही होतं. दाणे कॅल्शियमचे, त्यामुळे एक्स-रेत पहिल्या दिवसापासून पांढरे दिसतात, अगदी हाडासारखे. ते जागचे हलले नाहीत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण जखम भरली म्हणजे बरी झाली, हे मराठी तर मीही घरी बोलतो. वॉकर सोडू नका, असं मी म्हणालो होतो का? बाहेर रांग होती, पुढची फाईल हातात होती. आठवेना. मला स्वतःची लाज वाटली. केसपेपरवरचं वाक्य खोडलं, ‘मी नीट सांगितलं नाही’ असं लिहून सही केली.

मुंबईला माझ्या सरांना फोन लावला.

“इन्फेक्शन?”

“नाही, सर.”

“प्लेट?”

“शाबूत आहे.”

“मग प्लास्टर घाल, वजन बंद. आणि हात शिवशिवले तरी पुन्हा ऑपरेशनला उघडू नकोस.”

हिराबाईंना या वेळी सगळं समजावलं. “म्हंजे अजून भरला नाय?” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. काशिनाथ म्हणाले, “पडली लावणी तर पडू दे गो. पाय पायजेल आपल्याला.”

त्यानंतर माझं चित्त कशातच लागेना. एक्स-रेचा फोटो मोबाईलवर होता. जेवताना, भातसानगरच्या कॅम्पला जाताना, दोन पेशंटच्या मध्ये तो काढायचा, मोठा करायचा आणि त्याच दाण्यांकडे बघत बसायचं. दाण्यांच्या कडा ठळक असल्या तर हाड धरलेलं नाही. कडा पुसट होऊ लागल्या की शरीराने काम सुरू केलं. जुन्या फोटोत नवीन काही दिसणार नाही, हे मला कळत होतं. तरी बघायचो.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. दाणे जसेच्या तसे, ठळक. काशिनाथ माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी फिल्मकडे. “अजून थांबू,” एवढंच म्हणालो.

आणखी दोन महिने गेले. नव्या फिल्मवर दाणे मोजता येईनात. पुढून आणि मागून हाडाची सलग रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. मी ती तीनदा तपासली, सरांनाही पाठवली. मग म्हणालो, “हिराबाई, उठा. चाला आता.”

त्या जागच्या हलल्या नाहीत.

“नुसतं तोंडानं नको,” त्या म्हणाल्या. “लिवून द्या.”

मी लिहून दिलं : पाय टेकवा, पूर्ण वजन द्या, चाला. त्यांनी ते काशिनाथकडून वाचून घेतलं आणि खाली शिक्का मागितला. तोही मारला. मगच त्या उठल्या.

तेव्हापासून चालायचं की नाही, हे मी सगळ्यांनाच लिहून देतो. एक्स-रेचं कौतुक मनातल्या मनात करतो.