आनेकलच्या शेडमधलं मशीन

लग्नाआधीपासून मी बॅगांच्या एका कारखान्यात पेस्टिंगला होते. कातड्याच्या कडा तासायच्या, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, दुमडून हातोडीने ठोकायचं. शिलाई पलीकडच्या हॉलमध्ये चालायची. मशीनवर मी कधी बसले नाही, पण शिवून आलेली बॅग हातात घेतली की टाका कुठे ढिला पडलाय ते अंगठ्याला कळायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखाना बंद पडला आणि मी के. आर. पुरमच्या आमच्या घरात घरगुती मशीनवर पर्सेस शिवायला लागले. इंदिरानगरच्या एका दुकानाने खांद्याच्या बॅगा मागितल्या. तिथे माझं घोडं अडलं. बॅगेला पट्टा जोडायचा तिथे कातड्याचे चार थर येतात. मशीन तिथे गुरगुरायचं, सुई मोडायची, आणि मग मी आरीने भोकं पाडून हाताने शिवायचे. दुकानवाल्या बाईंनी पट्टा बोटाने चाचपला आणि शांतपणे सांगितलं, दसऱ्याच्या आधी पक्क्या शिलाईच्या आणा, नाहीतर मी दुसरीकडे बघते.

बंद कारखान्यांची मशीनं शहराबाहेर आनेकलला एका शेडमध्ये विकायला असतात, असं जुन्या मैत्रिणीकडून कळलं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून माझा थोरला भाऊ, अण्णा, बरोबर आला. अण्णाची पिठाची गिरणी होती. फिरत्या पट्ट्यात एका माणसाची बाही ओढली गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती. बसमध्ये तो मला तेच पुन्हा सांगत होता. मी खिडकीबाहेर बघत ऐकत होते. पिशवीत एका बाजूला चार थर जेमतेम चिकटवलेले कातड्याचे तुकडे होते, मशीन तपासायला.

शेडमध्ये कामाची दोनच मशीनं उरली होती. मालक सगळं अण्णाशी बोलत होता, माझ्याकडे न बघता. बाराच्या आत होसूरकडून एक जण टेम्पो घेऊन येणार आहे, तो दोन्ही उचलेल म्हणाला. शिवाय बाराला करंट जातो, त्याआधी काय ते बघून घ्या. तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पहिलं मशीन हलकं, कापडाचं. मी तुकडा घालून चाक हाताने फिरवलं. सुई गेली, पण वरचा थर मागे सरकत राहिला आणि खालचा पुढे गेला. टोकाला दोन थरांच्या कडा जुळेनात. दुसरं वॉकिंग फूटचं. त्यात वरचा दाबणारा पायही खालच्या दात्यांबरोबर पाऊल टाकतो, त्यामुळे सगळे थर एकत्र पुढे जातात. कातड्याला हेच लागतं, हे मला कारखान्यात रोज ऐकून माहीत होतं. याचंही चाक हाताने फिरवून पाहिलं. सुई चारही थरांतून न अडखळता सरळ उतरली.

मग मालकाने मोटर चालू केली. घरच्या मशीनची मोटर पाय दाबल्यावर जागी होते. ही आधीच घुमत होती, मशीन मात्र स्तब्ध. पायाखालची फळी किती दाबायची ते मला कळेना. जरा दाबली, काही झालं नाही. अजून थोडी दाबली आणि मशीन एकदम सुटलं. तुकडा माझ्या हातातून ओढला गेला, त्याच्यामागे डावं बोटही. दुखलं नाही आधी. फक्त हात मागे घेता येईना. सुई नखातून आरपार गेली होती.

अण्णाने मोटर बंद केली. मालकाने चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, तिचं मोडलेलं टोक बोटातच राहिलं होतं, ते पकडीने काढलं. मग त्याने आयोडिन ओतलं आणि चिंधी बांधली. मी मशीनच्या टेबलाला धरून उभी राहिले.

मालक अण्णाला म्हणाला, पहिलंच न्या, बायकांना ते बरं. अण्णाने मान डोलावली.

"त्यावर पट्टा शिवता येत नाही," मी म्हणाले.

"आधी बोट, मग पट्टा. चल घरी."

मी हलले नाही. रडू येत होतं, पण मालकासमोर रडायचं नव्हतं. मी खाली मान घालून एवढंच सांगितलं, की रिकाम्या हाताने गेले तर पुन्हा आरी, आणि आरीच्या शिलाईवर इंदिरानगरचं काम टिकणार नाही. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मालक दाराकडे गेला.

अण्णा टेबलाखाली वाकला. मोटरवरचं पट्ट्याचं चाक त्याने बोटांनी मोजलं. मग म्हणाला, "ही पुली बघ केवढी मोठी आहे. माझ्या जात्याला अशी लावली तर पीठ जळेल."

मोटरवरची पुली लहान केली की मशीन हळू पळतं, एवढी साधी गोष्ट. मालक परत येऊन कुरकुरला, होसूरवाला वाट बघतोय म्हणाला. अण्णाने कन्नडमध्ये त्याला सांगितलं, स्वल्प इरी, जरा थांबा, आणि कोपऱ्यातल्या ढिगातून स्वतःच एक लहान पुली शोधून काढली. फरशीवर बसून त्याने नट सोडला. पट्टा सैल पडला म्हणून भिंतीवरचा आखूड पट्टा चढवला. घरच्या करंटवर ही मोटर चालेल ना, तेही पाटी वाचून पाहिलं. मालकाने मोडलेल्या सुईच्या जागी नवी बसवली. होसूरचा माणूस दारात उभा राहून बघत होता. बारा वाजायला आले होते.

"बस," अण्णा म्हणाला.

बसायची इच्छा होत नव्हती. चिंधीतून रक्त आलं होतं. डावा हात मी सुईपासून लांब, सपाट ठेवला, आणि पाय अगदी हळू टेकवला. सुई एकदा उतरली. पुन्हा उतरली. मी श्वास रोखून चार थरांपर्यंत आले. मशीनचा आवाज जड झाला, पण ते थांबलं नाही. तुकडा पलटून खालचे टाके पाहिले, अंगठा फिरवला. सगळे सारखे होते.

"हेच," मी मालकाला म्हणाले. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला: "सरी अम्मा." बरं बाई.

थोड्याच वेळात करंट गेला.

संध्याकाळी मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पुढचा आठवडाभर दोरा न घालता वर्तमानपत्रांवर सुई चालवली, सरळ रेघेत भोकं पाडत. अण्णा गिरणी बंद करून यायचा, कागद उजेडाला धरून बघायचा. ज्या दिवशी तो न बघताच चहा मागून बसला, त्या दिवशी मी कातडं घेतलं.

दसऱ्याआधी बॅगा इंदिरानगरला पोहोचल्या. बाईंनी पट्टा दोन्ही हातांनी ओढला, पुन्हा ओढला, आणि पुढच्या वेळी तपकिरीही आणा म्हणाल्या. भीती मात्र गेली नाही. मोटर घुमायला लागली की अजूनही मी आधी डावा हात कुठे आहे ते बघते, आणि मगच पाय टेकवते.